जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त गणित शिक्षिका. माझा 2008 सालचा लॅपटॉप अजून रोजच्या वापरात आहे. त्यावर मी मुलांसाठी सरावाची गणितं टाइप करते, पत्रं लिहिते. मूळची विंडोज काढून भाच्याने त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकून दिलं, तेव्हापासून तो विनातक्रार चालतो. गेल्या महिन्यात घरात नवा राऊटर बसला आणि त्याच दिवसापासून लॅपटॉपचं इंटरनेट बंद पडलं. राऊटर बसवणाऱ्या तंत्रज्ञाने लॅपटॉपकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काकू, याचं आयुष्य संपलं, नवीन घ्या." हा सल्ला साफ चुकीचा होता. तो आणखी कितीतरी घरांत असाच दिला जात असेल, म्हणून हे पत्र.

मला एकच गोष्ट खटकत होती. वायफायच्या यादीत आजूबाजूच्या पाच-सहा घरांची नावं दिसत होती आणि नेमकं आमचंच नाव नव्हतं. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड बिघडलं असतं तर शेजारीही दिसले नसते! कार्ड जुन्या 802.11जी प्रकारचं आहे, म्हणजे 2003 सालच्या मानकाचं. त्याला वायफायच्या लहरींचा फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, 5 गिगाहर्ट्झचा नाही. पण नवा राऊटर एकाच नावाने दोन्ही पट्ट्यांवर चालत होता, मग अडतंय कुठे? मोबाइलवरून राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरले. 2.4 च्या पट्ट्यात चॅनेल (पट्ट्यातला ठरावीक क्रमांकाचा भाग) 'ऑटो' होतं आणि राऊटरने आपणहून 13 वं चॅनेल निवडलं होतं. काही देशांत 11 पर्यंतचीच चॅनेल वापरात असल्याने बरीच जुनी कार्डं तेवढ्याच हिशेबाने बनलेली असतात. रेडिओवर स्टेशन लागलेलं असावं आणि आपल्या रेडिओचा काटाच तिथवर जाऊ नये, तसा हा प्रकार. चॅनेल हाताने 6 वर आणलं आणि मिनिटभरात आमचं नाव यादीत आलं.

तरी जोडणी होईना. पासवर्ड तीनदा तपासून टाकला, तिन्ही वेळा नकार. राऊटरवर फक्त डब्ल्यूपीए-3 ही वायफायची सुरक्षा-पद्धत चालू होती. ती 2018 मध्ये आली, माझ्या कार्डाला 2004 ची डब्ल्यूपीए-2 येते. दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय लावून पाहिला, तरी कार्ड अडलंच. शेवटी राऊटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) फक्त 2.4 वर, डब्ल्यूपीए-2 आणि एईएस (माहिती सांकेतिक करायची पद्धत) लावून चालू केलं, त्याला वेगळा लांबलचक पासवर्ड दिला आणि लॅपटॉप जोडला गेला. घरातली बाकीची उपकरणं डब्ल्यूपीए-3 वरच राहिली. गेस्ट नेटवर्कवरून घरातला प्रिंटर दिसत नाही, त्यामुळे प्रिंटरला आता केबल लावते.

वाचकांना एक कळकळीची विनंती. जुना लॅपटॉप जोडण्यासाठी कोणी वायफाय विनापासवर्ड ठेवा किंवा डब्ल्यूईपी ही वायफायची जुनी सुरक्षा-पद्धत लावा म्हणालं, तर ऐकू नका. डब्ल्यूईपी मोडता येते हे 2001 मध्येच उघड झालंय. आज ती काही मिनिटांत फोडता येते आणि मग धोका त्या एका लॅपटॉपपुरता राहत नाही, सगळ्या घराला होतो.

लॅपटॉप विंडोजवाला आणि थोडा अलीकडचा असेल तर कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करून बघा. काही कार्डांना जुन्या ड्रायव्हरमुळे वायफाय-6 या अलीकडच्या मानकाचं नेटवर्क दिसतच नाही. तरीही जमलं नाही तर यूएसबीला लावायचा छोटा वायफाय अडॅप्टर मिळतो, आणि राऊटर जवळ असेल तर साधी लॅन केबल सगळ्यात भरवशाची. नेट जोडलं गेलं, पण वेबसाइट 'प्रमाणपत्र (वेबसाइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) चुकीचं' म्हणून अडवत असतील, तर लॅपटॉपची तारीख बघा. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि आजची प्रमाणपत्रं त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात.

राऊटर बनवणाऱ्यांनी 'जुन्या उपकरणांसाठी' असा एक पर्याय सेटिंगमध्ये ठळक ठेवावा आणि त्यामागे 2.4 वरचं, डब्ल्यूपीए-2 चं वेगळं नेटवर्क आपोआप उभं राहावं. आणि राऊटर बसवायला येणाऱ्यांनी निघण्याआधी, "घरात जुनं काही वायफायवर चालतं का?" एवढं विचारावं. माझ्या घरी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर मुलांची गणितं चार दिवस अडकून पडली नसती.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका