गर्दी नव्हती तिथली गीता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला राष्ट्रवाद आणि धर्म या विषयावरचा लेख वाचला. स्वातंत्र्यलढ्यातली अध्यात्माची भाषा म्हणजे लोक जमवण्याची युक्ती, असा लेखकाचा एकूण रोख आहे. १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवापुरतं ते एक वेळ मान्य करू. पण जिथे जमवायला माणसंच नव्हती, तिथलं काय?

मंडालेच्या तुरुंगात टिळकांपुढे कुठली सभा होती? १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे 'गीतारहस्य' लिहून काढलं. आमच्या घरी आजोबांची प्रत आहे, पिवळी पडलेली, कडा झडलेली. टिळकांनी सांगून ठेवलं आहे की, तुरुंगात सुटे कागद मिळत नसत. पानं मोजून, त्यांवर आकडे घालून बांधलेल्या वह्या मिळत. शाई नाहीच, शिसपेनी, त्याही छिलून दिलेल्या. अशा वह्यांत चोपन्न वर्षांचा कैदी संन्यासपर भाष्यांशी वाद घालत होता आणि गीता कर्म सोडायला नव्हे, करायला सांगते हे पानामागून पान मांडत होता. हे लिखाण बाहेर जाईल की नाही, याची तेव्हा खात्री नव्हती. पुस्तक छापून आलं ते १९१५ साली, सुटकेनंतर.

अरविंद घोष यांचंही तसंच. सुरतेला काँग्रेस फुटली आणि लगेच, १९०८ च्या सुरुवातीला, ते बडोद्यात विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यापाशी तीन दिवस एका खोलीत बसले. देशभर नाव गाजत असताना दार लावून घेतलं! त्यानंतरच्या मुंबईच्या सभेआधी लेल्यांनी त्यांना सांगितलं होतं: श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, शब्द आपोआप येतील. बंगालच्या या पुढाऱ्याच्या साधनेत एका मराठी माणसाचा इतका वाटा आहे, हे आपल्या शाळांतून कधी सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते. त्याच वर्षी मे महिन्यात अटक झाली. कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगातली कोठडी नऊ फूट लांब, पाच-सहा फूट रुंद, खिडकी नाही. तिथे हातात गीता आणि उपनिषदं.

मात्र सुटून आल्यावर, १९०९ च्या उत्तरपाड्याच्या भाषणात, सनातन धर्म हाच आमच्या दृष्टीने राष्ट्रवाद, असं ते म्हणाले. इथे मी अडखळतो. त्यांच्या मनात तो धर्म कितीही व्यापक असो, शेजारच्या मुसलमानाला त्यात आपलं घर दिसणं कठीण होतं. लेखकाने खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी या माणसांच्या श्रद्धेलाच खोटं ठरवलं, आणि ते मला मनापासून लागलं.

टिळकांची 'गीतारहस्या'ची प्रस्तावना पुरवणीत पुन्हा छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पुणे