सदास पत्र: ऑपरेशनच्या आधी

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

नातवाच्या लिंगाची पुढची कातडी काढायची, म्हणजे सुंता करायची ठरली, तेव्हा फोनवर तू विचारलंस, "भूल नव्हती तेव्हा हे कसं करायचे रे?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

कातडी मागे सरकत नाही, या दुखण्याला आपला सुश्रुत निरुद्धप्रकश म्हणतो. तो लगेच शस्त्र उचलत नाही. दोन्हीकडून उघडी, लोखंडाची किंवा लाकडाची नळी तूप लावून आत घालायची, दर तीन दिवसांनी आणखी जाड. नाहीतर मग शिवण, म्हणजे लिंगाच्या खालच्या बाजूची रेघ, वाचवून छेद.

सुंतेचं वर्णन वाचावं ते स्पेनमधल्या कोर्दोव्याचा शस्त्रवैद्य अल-झहरावी याचं, इ.स. 1000 च्या आसपासचं. पोराला दिसू नये म्हणून कात्री बाहीत लपवायची! वस्तऱ्यापेक्षा त्याला कात्री पसंत, कारण दोन्ही पाती सारखी चालतात. कातडी आधी दोऱ्याने बांधून घ्यायची. पण तो मला जवळचा वाटतो तो चुका लिहून ठेवतो म्हणून. कातडी दुपदरी. वरचा पदर कापला जातो, आतला निसटतो. सूज चढायच्या आत तो नखाने ओढून कापायचा. तीन दिवस उलटले आणि सूज असली, तर आधी ती उतरू द्यायची.

खरी भीती रक्ताची. मी इंटर्न असताना रात्री दोनला एक पोर आणलं होतं. सुंता सकाळी झालेली, लंगोट भिजून जड झालेला. आई दाराशी उभी राहून म्हणत होती, "याचा थोरला असाच गेला." सकाळी कुणी तिला विचारलंच नव्हतं. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला गोठवणारे घटक असलेला द्रव, देऊन पोर वाचलं, पण तो लंगोट अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे तालमूद, म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ, वाचताना मी थबकलो. दोन मुलगे सुंतेने दगावले तर तिसऱ्याची करू नये, असं एक मत तिथे आहे. दुसरं मत तीन म्हणतं. आणि गालीलमधल्या सेफोरिसच्या चार बहिणी! तिघींची मुलं सुंतेनंतर गेली. चौथी रब्बान शिमोन बेन गम्लिएल या ज्यू धर्मपंडितांकडे आली. ते म्हणाले, करू नकोस. दुसऱ्या शतकातली गोष्ट ही. हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार) हे नाव नव्हतं, पण दोष आईच्या माहेराकडून येतो हे त्यांनी हेरलं होतं.

म्हणून सदा, सूनबाईला आजच विचार. तिच्या भावांपैकी, मामांपैकी कुणाचं दात काढल्यावर रक्त थांबेना असं झालं होतं का? मुलाचे गुडघे उगाच सुजतात का? तसं असेल तर ऑपरेशनच्या आधी मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझा,
वसंता