जीवाश्म शोधायचे तर नदीकाठची मळी बघा

मा. संपादक,

सुट्ट्या लागल्या की सातारा-सांगलीतली हौशी मंडळी विहिरींच्या खोदाईत आणि दगडखाणींत जीवाश्म शोधू लागतात, आणि ‘डायनोसॉरच्या अंड्या’चे फोटो फिरायला लागतात. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यात जीवाश्म टिकण्याची आशा जवळजवळ नाहीच. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळात ते मिळतात, पण असे गाळ मुख्यतः विदर्भात आणि मुंबईत आहेत. ते ‘अंडे’ म्हणजे कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल झालेला दगड. फोडला तर आत घट्ट काळा दगडच निघतो. चिरेवर दिसणारे ‘नेच्याचे पान’ही मँगनीजचा डाग असतो, त्याला मधली शीर नसते आणि टाचणीने तो खरवडला जातो.

खरा शोध येरळा, अग्रणी, माण या नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात, म्हणजे मळीत घ्यावा. कृष्णेच्याच खोऱ्यात, घटप्रभेकाठी गोकाकजवळ मिळालेल्या गेंड्याच्या हाडांचे वर्णन भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1874 मध्ये प्रसिद्ध केले. तरी आपल्या नद्यांकडे कुणी फारसे फिरकत नाही, याचे वाईट वाटते.

मार्च ते मे हा काळ बरा. काठाच्या वरच्या अंगाला भेग दिसली तर त्याखाली उभे राहू नये, मळीची दरड आवाज न करता सुटते. भिलवडी-औदुंबरकडे कृष्णेच्या पात्रात उतरू नये, मगरी आहेत.

हातोडी घरीच ठेवा. खुरपे, मऊ ब्रश, मापाची टेप, दहापट भिंग, वर्तमानपत्राचे कागद आणि पेन्सिल एवढे पुरे. आधी काठाचा वीतभर थर खुरप्याने काढून टाकावा. वरून घसरलेल्या मातीबरोबर कालपरवाचे शिंपलेही खाली येतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. हिरवट-तपकिरी साल शाबूत असलेला शिंपला ताजा समजावा. जुना पांढराफटक, खडूसारखा असतो आणि बोट लागताच चुरतो. शिंपल्याच्या दोन्ही झडपा (कवचाची दोन अर्धुके) मिटलेल्या असतील तर तो जीव बहुधा तिथेच गाडला गेला. सुट्ट्या झडपा फुगीर बाजू वर करून पडल्या असतील तर त्या प्रवाहाने आणून टाकल्या. म्हणून उचलण्याआधी फोटो काढावा.

थराची खोली काठाच्या माथ्यापासून मोजावी. पाण्यापासून मोजलेला आकडा धरणाच्या पाण्याचे आवर्तन सुटले की निरुपयोगी होतो.

बारीक गोगलगायींसाठी एकाच थरातली पाच किलो माती घ्यावी. ती सावलीत पूर्ण वाळवून मग बादलीत रात्रभर भिजवावी. ओलसर माती तशीच पाण्यात टाकली तर तिचे गोळे विरघळत नाहीत, आणि ते चोळायला गेले की शंख फुटतात. चहाच्या बारीक गाळणीतून हलके पाणी सोडले की काम होते.

चुनखडीचे खडे हाडासारखे दिसतात. लिंबू पिळून पाहण्यात अर्थ नाही, खडा आणि शिंपला दोन्ही फसफसतात. भिंगातून आत बारीक जाळी दिसली तरच हाडाचा संशय घ्यावा.

हाड दिसले तर ओढू नये, उन्हात उघडे ठेवू नये. ओले हाड वाळताना तडकते. फेव्हिकॉल तर मुळीच लावू नये, कारण त्यातला कार्बन मिसळून वयमापन बिघडते. फोटो काढून, ठिकाण टिपून, मातीने झाकावे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेज या पुरातत्त्व संस्थेला कळवावे. शेत कुणाचे आहे ते विचारून परवानगी आधीच घ्यावी.

आमची मागणी साधी आहे. वीटभट्ट्यांसाठी हीच मळी पोकलेनने उचलली जाते. माती उचलण्याची परवानगी देताना तहसील कार्यालयांनी एक अट घालावी: हाडे किंवा शिंपल्यांचा थर लागला तर तेवढ्या जागेचे काम थांबवून तलाठ्याला कळवावे.

– काही हौशी संग्राहक, तासगाव (जि. सांगली)