टेबल राहू दे, माळ्यावरचं डेस्क काढू या

बंगळुरू, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉल लावला तेव्हा बाबा दिसलेच नाहीत. दिसलं ते छत, फिरणाऱ्या पंख्याचं एक पातं आणि बाबांची हनुवटी. मागून आईचा आवाज आला, "अगं, ते पलंगावर आहेत, मोडी लिपीतले जुने कागद वाचतायत." मग बाबांनी लॅपटॉप जरा वळवला आणि खिडकीशी मी दिवाळीत हट्टानं घेऊन दिलेलं टेबल दिसलं. त्यावर वर्तमानपत्राखाली वाळत घातलेल्या सांडगी मिरच्या, आईच्या गोळ्यांचा डबा, पंचांग आणि इस्त्रीला द्यायचे दोन सदरे. खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल.

आधी रागच आला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला, तेव्हा कळलं की चूक माझी आहे. मी टेबल आणलं ते माझ्या ऑफिसच्या मापानं. तीस इंच उंच टेबल आणि खाली चाकं असलेली खुर्ची. आईची उंची पाच फूट, तिचे पाय लोंबकळणार. बाबा चाळीस वर्षं कचेरीत टेबलाशी बसले, निवृत्त झाल्यावर पुन्हा कशाला बसतील? तेव्हा टेबलाचा नाद मी सोडते. पण बाबा, पलंगावर उशीला टेकून, गोधडीवर लॅपटॉप ठेवून जे चाललंय तेही चालणार नाही. मान दुखते हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, आईनं सांगितलं.

लॅपटॉपची मूळ खोड अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात. हात नीट ठेवावेत तर स्क्रीन खाली जाते आणि मान वाकते. स्क्रीन वर घ्यावी तर हात पंख पसरल्यासारखे वर जातात. डोक्याचं वजन पाच किलोच्या आसपास. ते पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर धरून ठेवावं लागतं. 2020च्या लॉकडाउनमध्ये मी चार महिने पलंगावर बसूनच काम केलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मला हे फिजिओथेरपिस्ट बाईंकडून कळलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी कीबोर्ड वेगळा घ्या, मग माझ्याकडे या." म्हणून पहिलं पार्सल तेच येतंय, बिनवायरचा कीबोर्ड आणि माऊस. हजार-दीड हजारात येतो, किंमत विचारू नका. तो आला की लॅपटॉप कुठेही उंच ठेवा, हात मांडीशी राहतील. बाकी सगळं मी पुढे लिहितेय ते यावरच उभं आहे.

आणि तो लॅपटॉप "विमानासारखा आवाज करतो" अशी तुमची तक्रार आहे ना, ती गोधडीची करणी. हवा आत घ्यायच्या जाळ्या त्याच्या पोटाशी असतात, त्या कापडात बुडाल्या की आतला पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो. खाली जेवणाचा पाट ठेवा, आवाज कमी होईल. नुसता मांडीवर तर तासन् तास ठेवूच नका. पूर्वी थंडीत रोज शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडायचे, तसेच डाग लॅपटॉपच्या उबेनं मांडीवर पडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय.

आता मुख्य गोष्ट. माळ्यावर आजोबांचं दुकानातलं उतरतं डेस्क आहे, आठवतंय? ज्याच्या पोटात खतावण्या असायच्या आणि वरच्या सपाट पट्टीवर दौत. मला ते काल रात्री आठवलं आणि झोपच उडाली. बाबा, तुम्ही जे कागद वाचताय ते लिहिणारे कारकून कुठे खुर्चीवर बसत होते? आपल्या वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यात एवढं दफ्तर सांभाळलं गेलं, ते बैठकीवरच. मागे लोड, समोर उतरतं डेस्क. त्या उताराचं काम एकच, कागद डोळ्यांकडे आणायचा, म्हणजे डोळ्यांना कागदाकडे जावं लागत नाही. स्क्रीनलाही नेमकं हेच हवंय.

फक्त त्यावर टाइप करू नका. उतारावर कीबोर्ड ठेवला तर मनगटं मागे मुडपतात. डेस्कवर लॅपटॉप असा ठेवायचा की त्याची खालची कड डेस्कच्या पुढच्या पट्टीला अडेल, घसरणार नाही. डेस्क अजून उंच हवं असेल तर ते चौरंगावर चढवू. आणि नवा कीबोर्ड मांडीवर, एका फळीवर. आईची पोळपाटाएवढी एखादी जुनी फळी असेलच. पोळपाट मात्र घेऊ नका, घरात महाभारत होईल.

बसायचं कसं, तेही सांगते. नुसत्या सतरंजीवर मांडी घातली की कंबर मागे गोल होते आणि पाठीला पोक येतं. बुडाखाली जाड चादरीची चौपदरी घडी घाला, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतील आणि पाठ आपोआप सरळ होईल. लोड कमरेच्या खळग्यात यायला हवा, खांद्यांमागे नाही. बैठक भिंतीजवळ, कपाटाच्या बाजूला घाला, उठताना हाताला आधार लागतो. आणि अर्ध्या तासानं उठाच. आजोबा उठायचे की, गिऱ्हाईक यायचं म्हणून. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे आईची चहाची हाक.

एक मुद्दा तुमच्या चष्म्याचा. जगभर सांगतात की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. ते ऐकून मागच्या वेळी मी लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तकं रचून दिली होती आणि तुम्ही दोन दिवसांत काढून टाकलीत. बरोबर केलंत. तुमच्या चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात आहे. स्क्रीन उंच असली की त्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते, म्हणजे मान मागे मोडते. तेव्हा तुमच्यासाठी स्क्रीन नेहमीच्या सल्ल्यापेक्षा थोडी खाली आणि जराशी मागे कललेली. अंतर हातभर. याहून चांगलं म्हणजे फक्त संगणकासाठी एकाच नंबरचा, साधारण दोन फुटांवरचा चष्मा. डोळ्यांच्या डॉक्टरांना अंतर मोजून सांगा. तो घालून मात्र जिना उतरायचा नाही.

दुसरी जागा तुमच्या आरामखुर्चीची. इथे मला जाहीर माफी मागायची आहे, आणि तुम्हालाही मागावी लागेल. लहानपणी तुम्ही "ताठ बस, ताठ बस" म्हणून माझ्या पाठीत किती धपाटे घातलेत! 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका इस्पितळात 22 निरोगी माणसांना वेगवेगळ्या पद्धतीनं बसवून त्यांच्या कण्याचे एमआरआय काढले. काटकोनात ताठ बसणाऱ्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या जास्त सरकलेल्या दिसल्या. पाठ मागे टेकून, मांड्या आणि धड यांच्यात साधारण 135 अंशांचा कोन ठेवून रेललेल्यांच्या कमी सरकल्या. त्याच्याही कितीतरी आधी स्वीडनचे नाखेमसन यांनी मणक्याच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता, तेव्हाही टेकून बसल्यावर तो उतरलेला आढळला. म्हणजे दुपारी दोन वाजता तुमची जी काही योगमुद्रा असते ती अगदीच अशास्त्रीय नाही.

अडचण एवढीच की रेलल्यावर नजर वर जाते आणि लॅपटॉप राहतो पोटावर. म्हणून त्या खुर्चीत बसाल तेव्हा लॅपटॉप विसरा, हॉलमधला टीव्ही वापरा. एचडीएमआयची वायर मी पाठवतेय, एक टोक टीव्हीत, दुसरं लॅपटॉपमध्ये. खुर्ची टीव्हीपासून पाच-सहा फुटांवर आणा. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार 150 टक्के करा, कमी वाटलं तर 175. अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये पीसी किंवा संगणक असा पर्याय असतो, तो निवडा. हे मी फोनवर करून घेईन, आईला रिमोट द्या, तिचा हात त्यात चांगला बसलाय.

आणि मग मोडीची गंमत बघा. रुमालात बांधलेल्या त्या जुन्या कागदांचे आपण जे फोटो काढले ते कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवलं की वाढत जातात. एकेक अक्षर विताएवढं होईल. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, एक ओळ सुरू झाली की कारकुनाचा बोरू उचललाच जात नाही. तुम्ही भिंग घेऊन जिथे पंधरा मिनिटं अडता, तिथे शाई कुठे जाड झाली आणि हात कुठे वळला ते टीव्हीवर उघड दिसेल.

टाइप करायचा कंटाळा असेल तर करूच नका. गूगल डॉक्समध्ये टूल्सच्या यादीत व्हॉइस टायपिंग आहे, भाषा मराठी निवडायची आणि खुर्चीत रेलून मोठ्यानं वाचत जायचं. तुम्ही मोडी वाचाल, तो देवनागरीत लिहील. जुने शब्द त्याला झेपत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. "मौजे" म्हटलं तर "मोजे" लिहील आणि सुहूर सन, म्हणजे त्या कागदांतली जुनी कालगणना, ऐकून तर बिचारा गांगरेल. पण कच्चा मजकूर उतरतो आणि मनगटं वाचतात. तेवढा वेळ आईनं कुकर लावायचा नाही, नाहीतर शिट्ट्याही लिप्यंतरात येतील.

संध्याकाळी सातनंतर टीव्ही आईचा. यावर मी काही बोलणार नाही.

आई, आता तुझं. तू लॅपटॉपला हात लावत नाहीस, पण मोबाईलवर बाबांपेक्षा जास्त असतेस आणि मान तुझीच जास्त वाकलेली असते. झोपाळ्यावर बसून वाचणं बंद कर. झोका हलतो, अक्षरं हलतात, डोळे त्यांच्यामागे धावतात, मग तू म्हणतेस पित्त झालं. झोपाळ्यावर फक्त फोनवर बोलायचं, तेही कानाला लावून. गीतेचा ऑनलाइन वर्ग असतो तेव्हा तुला खाली बसायचं नाही, तुझे गुडघे माझ्यापेक्षा तुला माहीत आहेत. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घे, पाठीशी छोटी उशी, पायाखाली पाट. पाय टेकले की मांडीखाली कड रुतत नाही आणि पोटऱ्या सुजत नाहीत. फोन समोर डब्याला टेकवून ठेवू नकोस, घसरतो. मी लोखंडी स्टँड पाठवतेय, तो दोन डब्यांवर ठेवलास की तुझ्या तोंडासमोर येईल. हाच स्टँड सकाळी ओट्यावर ने. ओटा तुझ्या मापानं बांधलेला आहे, घरात तुझ्या मापाची तीच एक जागा. उभ्यानं भाजी निवडता निवडता व्याख्यान ऐक. मेसेज लिहायचा असेल तर कीबोर्डवरच्या माईकच्या चिन्हावर बोट ठेव आणि बोल, पिठाचे हात लागणार नाहीत.

काय घेऊ नका तेही लिहिते, कारण शेजारचे काका काहीतरी सुचवतीलच. बीनबॅग नको. माझ्याकडे होती, तिच्यात बसता येतं, उठता येत नाही. मोटारीनं वरखाली होणारं टेबल नको, तुमच्याकडे ओटा आहे. पलंगावरचं घडीचं टेबल तापाच्या दिवसांपुरतं ठीक, रोजच्यासाठी नाही, कारण पाय लांब करून बसलं की मांडीमागच्या शिरा ताणून कंबर गोल होतेच.

एका गोष्टीत मात्र माझं ऐका. वायर चालायच्या वाटेत यायची नाही. एक्स्टेंशन बोर्ड भिंतीच्या कडेनं न्यायचा आणि चिकटपट्टीनं पक्का करायचा. मानदुखी परवडेल, वायरीत पाय अडकून पडणं या वयात परवडणार नाही. बैठक खिडकीला काटकोनात घाला. उजेड डावीकडून आला तर उत्तम, समोरून किंवा पाठीमागून नको, पाठीमागून आला की स्क्रीनवर खिडकीच दिसते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. अंगणातला पारिजात तेवढ्याच अंतरावर असेल. पायांनी मोजून बघा.

डेस्क माळ्यावरून काढायला शिडीवर चढू नका, बाबा. मी पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतेय, रविवारी दुपारपर्यंत पोचेन. आपण दोघं मिळून उतरवू. वाळवी लागली नसेल अशी आशा आहे. सागवानी आहे असं आजोबा म्हणायचे, पण आजोबा सगळ्यालाच सागवानी म्हणायचे.

तुमची,
मनू

ता. क. टेबल विकायचं नाही. आई, सांडगी मिरच्यांना खिडकीतलं ऊन तिथेच चांगलं मिळतं हे मी काल पाहिलं. कुरडया झाल्या की त्याही तिथेच घाल. फक्त खुर्चीवरचा टॉवेल काढ, ती खुर्ची मी जेवणाच्या टेबलाशी तुझ्या वर्गासाठी नेणार होते, पण तिला चाकं आहेत, तेव्हा नकोच. बाबांच्या मित्राला देऊन टाक.