अडीच गुंठ्यांचा चौकोन

प्रिय चिऊ,

शनिवारी तू मला माइनक्राफ्टमध्ये, तुमच्या त्या ठोकळ्यांच्या कॉम्प्युटर खेळात, होडीत बसवून तुमचं राष्ट्र दाखवलंस, शेजारच्या राष्ट्रातल्या मुलांशी सीमेवरून चाललेलं भांडण कसं मिटवायचं ते विचारलंस आणि मी अर्धा तास नुसतं 'हं, हं' करत राहिलो. तू लॅपटॉप मिटलास, आई म्हणाली बाबा दमलेत. दमलो होतो, पण गप्प होतो ते वेगळ्याच कारणानं. डोक्यात मोजणी सुरू झाली होती. बावीस वर्षं लोकांच्या बांधांवर उन्हात उभं राहिलं की जमीन दिसताच ती आपोआप सुरू होते, मग जमीन ठोकळ्यांची का असेना. इथं खोलीवर वीज गेलीय, म्हणून कागदावर लिहितोय. (राष्ट्राचं नाव लिहीत नाही. पत्र शत्रूच्या हाती पडू नये, हे तुझंच म्हणणं.)

माइनक्राफ्टमधला एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. तुमच्या सर्व्हरवर, म्हणजे तुम्ही सगळे मिळून खेळता त्या जगात, जमीन नावावर होते ती चंकच्या हिशेबानं, सोळा बाय सोळा, म्हणजे २५६ चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा तुमचा एक चंक झाला अडीच गुंठ्यांचा, आणि सोळा चंक जमले की जवळजवळ एक एकर. तू ऐटीत म्हणालीस, "आमचे एकशे चाळीस चंक आहेत!" मी मनात भागाकार केला. नऊ एकरांना थोडं कमी. आजोबांचं रान वाटण्या व्हायच्या आधी एवढंच होतं, फक्त त्यात राजधानी, बंदर आणि दोन तुरुंग नव्हते. (दोन कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.)

आता तुमच्या भांडणाकडं येतो. तू नकाशावर बोट ठेवून म्हणालीस, पश्चिमेची सीमा म्हणजे ही नदी. नदी तुझ्या डोळ्यांना दिसते. सर्व्हरला दिसतात फक्त चौकोन. नदी जिथं वळते तिथं चौकोनाचा कोपरा पाण्यापलीकडं जातो. तुमचा एक कोपरा त्या मुलांच्या वाळवंटात घुसलाय, त्यांचा एक तुमच्या गव्हात. दोघंही खरं बोलताय आणि दोघांनाही दुसरा चोर वाटतोय. मी रोज हेच बघतो. फरक एवढाच, की आमच्याकडं पुरानं नदी पात्र सोडते आणि नकाशावरची रेघ जागेवर राहते. तुमची नदी कधी हलतच नाही.

खरं सांगू? त्या नदीशी माझं काही जमलं नाही. मी होडीत बसून उगम शोधत होतो. तुमच्या नद्यांना उगम नसतो. सगळ्या समुद्राच्याच पातळीवर, बासष्ट-त्रेसष्ट उंचीवर, आडव्या पडलेल्या. उतार नाही, खोरं नाही, पाणलोट नाही. दोन डोंगरांमध्ये पडलेला पाऊस कुठं जातो, हा प्रश्नच नाही. आणि तू सहज दोन बादल्या एका खड्ड्यात ओतल्यास अन् न संपणारं पाणी तयार केलंस! मी ज्या तालुक्यातून हे लिहितोय तिथं पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलत नाहीत. तुझ्या शेतात मधोमध पाण्याचा एक चौकोन, त्याच्या चारी बाजूंना चार-चार ठोकळे ओले, नऊ बाय नऊचा वाफा, ऐंशी चौकोनांत गहू. पाणी कुठून आलं हे कुणी विचारत नाही. हेवा वाटला मला.

म्हणून तुमच्याकडं पाण्यावरून तंटा नाही, वाळूवरून आहे. तुला वाटतं ते वाळवंट रिकामं आहे. रिकामं कसलं! काच वाळूची, काँक्रीट वाळू आणि खडीचं, आणि एकदा उपसलेली वाळू तिथं परत येत नाही. झाड लावता येतं, वाळू लावता येत नाही. त्या मुलांना हे तुमच्याआधी कळलं एवढंच. आमच्याकडं वाळूचे लिलाव होतात आणि रात्री ट्रॅक्टर फिरतात, तुमच्याकडं फावडं घेतलेले सहावीतले तिघं.

बंदर देखणं आहे, पण बिनकामाचं. रागावू नकोस. तुमच्याकडं समुद्रानं येतं कोण? सगळे नेदरमधून, म्हणजे खेळातल्या त्या खालच्या तांबड्या जगातून येतात, कारण तिथं एक पाऊल टाकलं की इथं आठ पडतात. आठशे ठोकळ्यांवरचा गाव शंभरावर येतो. म्हणजे तुमचा खरा नकाशा त्या तांबड्या बोगद्यांचा आहे. मनमाड नदीमुळं किंवा किल्ल्यामुळं मोठं झालं नाही, रूळ जुळले म्हणून झालं. तुमचंही मनमाड पोर्टलच्या, म्हणजे नेदरमध्ये जायच्या-यायच्या दाराशी उभं राहतंय. तिथं दुकानांची ओळ आपोआप झालीय, ती बघितलीस का? बंदरात एक होडी होती. ती आपलीच होती.

एक गंमत सांगायची राहिली. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या भूमापन खात्यानं, म्हणजे आमच्याच जातकुळीच्या लोकांनी, अख्खा देश एकास एक मापानं माइनक्राफ्टमध्ये उभा केला. ते त्यांना साधलं, कारण त्यांचं सगळ्यांत उंच टेकाड १७१ मीटरचं आहे आणि तेव्हा खेळाचं छत, म्हणजे ज्याच्या वर ठोकळा ठेवता येत नाही ती उंची, होतं २५६ वर. आता छत ३२० वर गेलंय, तरी आपली पंचाईतच. पुणंच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. त्यांच्या मापानं बांधलं तर आपलं घर आभाळाच्या बाहेर जाईल, कळसूबाईचे १६४६ मीटर तर विसरच. आणि बघ, त्या खात्यानं डायनामाइट बंद ठेवलं होतं, पण डायनामाइटची गाडी बंद करायची राहिली. लोकांनी तेवढ्यावरून त्या देशाचा काही भाग उडवला. असं काहीतरी आमच्याही हातून राहून जातं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नदीला सीमा म्हणणं सोडा. दोघांनी मिळून चौकोनांचे चारही कोपरे ठोकळ्यांनी खुणावा, दगड दोन्ही बाजूंना दिसेल असा, आणि घुसलेले कोपरे एकमेकांशी अदलाबदल करा. एक तुमच्या गव्हाचा, एक त्यांच्या वाळूचा. वाळूचा कोपरा सोडताना जीव तुटेल, माहीत आहे.

कोपऱ्यांचे आकडे पाठव. आणि हो, खेळात जागा सांगणाऱ्या आकड्यांतला झेडचा आकडा उत्तरेला गेलं की उणे होतो, हे मला शनिवारी कळलं. तोवर मी सगळं उलटं मांडत होतो. येत्या शनिवारी वही घेऊन येतोय. तोपर्यंत पश्चिमेला कुंपण घालू नका, आणि ते दुसरं तुरुंग कुणासाठी आहे ते सांग.

तुझा,
बाबा