टिपण कोडशेजारीच हवं

महोदय,

मुलं ओपन सोर्समध्ये, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणाऱ्या कोडवर, काम करू लागली याचं कौतुक हल्ली बरंच छापून येतं, आणि ते रास्तच आहे. मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. माझी तक्रार एवढीच की या कौतुकात फक्त कोड दिसतो. तो असाच का लिहिला, हे सांगणारं टिपण कुठे ठेवतात, इकडे कोणी बघत नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचंच घ्या. त्यातलं यादीचं सॉर्टिंग, म्हणजे नोंदी क्रमाने लावणं, टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये लिहिलं. कोड ‘ऑब्जेक्ट्स’ फोल्डरमध्ये, आणि त्याच फोल्डरमध्ये ‘लिस्टसॉर्ट’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल. पायथनच्या 3.11 या आवृत्तीतली ती फाइल जरूर वाचावी. ही पद्धत यादीचे छोटे तुकडे पाडून ते क्रमाने लावते आणि मग एकमेकांत जोडत जाते. तुकडा केवढा असावा यासाठी फाइलीत 2112 नोंदींचं उदाहरण आहे. बत्तीस-बत्तीसचे तुकडे पाडले तर 66 तुकडे होतात. पहिले 64 जोड्या-जोड्यांनी जुळत जाऊन 2048 ची रांग तयार होते आणि शेवटी 64 नोंदींच्या शेपटासाठी उगाच ढीगभर हलवाहलव करावी लागते. तेहतीस-तेहतीसचे पाडले की बरोबर 64 तुकडे, सगळ्या जोड्या समसमान. कोडात यातलं काय दिसतं? नोंदींच्या संख्येचे वरचे सहा बिट (बायनरीतले अंक) घ्या, खालच्या बिटांत काही शिल्लक असेल तर एक मिळवा, हा झाला तुकड्याचा आकार. बस्स. टिपण नसतं तर एखाद्या उत्साही मुलानं ‘हा एक कशाला?’ म्हणत ती ओळ उडवली असती.

पुढे 3.11 मध्ये तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे याची पद्धत बदलून ‘पॉवरसॉर्ट’ आली. कोडाबरोबर टिपणही बदललं. एका घरात राहत असल्याचा हा फायदा. बदल तपासणारा लगेच विचारू शकतो, ‘टिपण कुठाय?’

पायथनचीही सगळी टिपणं अशी नांदत नव्हती. कचरा-संकलन (नको झालेली मेमरी मोकळी करणं), कंपायलर (लिहिलेला कोड चालवण्याजोग्या रूपात बदलणारा भाग) यांची अंतर्गत माहिती विकासकांच्या वेगळ्या मार्गदर्शिकेत, वेगळ्या रिपॉझिटरीत (फाइली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास ठेवायची जागा) होती. आतली यंत्रणा आवृत्तीगणिक बदलणार आणि मार्गदर्शिका मात्र सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक! 2024 मध्ये हा मजकूर ‘इंटर्नलडॉक्स’ या फोल्डरमध्ये मूळ कोडाशेजारी आणायला सुरुवात झाली. शेजारी आणलं म्हणजे आपोआप ताजं राहतं असं नाही. म्हणूनच त्या फोल्डरच्या पहिल्या पानावर लिहिलंय की माहिती जुनी झालेली आढळली तर तक्रार नोंदवा. जुनं टिपण हीसुद्धा नोंदवण्याजोगी चूक, हे मला फार आवडलं.

आमच्याकडे काय चालतं? ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा छापील अहवाल. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, सही-शिक्के. छापायला द्यायची घाई असल्यामुळे आकृत्या आधी काढल्या जातात आणि कोड तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलत राहतो. पुस्तकात डेटाबेसची सात टेबलं, चालू प्रोग्रॅममध्ये पाच. बाह्य परीक्षकही पानं चाळून सही करतात. त्यांना तरी दिवसभरात किती गट बघायचे! पुढच्या वर्षी ज्युनिअर तोच प्रकल्प पुढे न्यायचा म्हणतात तेव्हा पुस्तक कपाटात असतं, कोड कुणाच्या तरी लॅपटॉपवर, आणि ती दोन टेबलं का काढली हे सांगणारा नोकरीला लागून बंगळूरला.

विद्यापीठांना माझी विनंती आहे, पुस्तक हवं तर ठेवा, पण त्यातले निम्मे गुण रिपॉझिटरीतल्या टिपणांना द्या. कोड बदलला त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) टिपण बदललं का, हे इतिहास उघडून दोन मिनिटांत कळतं. आणि टिपणं मराठीत लिहिली तरी चालतील असं स्पष्ट लिहा. मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना कोड मराठीतच समजावतात, नि उत्तम समजावतात. अहवालाचं इंग्रजी मात्र मागच्या बॅचचं उतरवलेलं असतं.

— संगणक अभियांत्रिकीचा एक शिक्षक, पनवेल