भारतीय ज्ञान प्रणाली शिकवणाऱ्याला आधी शिवारात जाऊ द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर 'भारतीय ज्ञान प्रणाली', म्हणजे आपल्या परंपरेतील विद्या आणि तंत्रे शिकवणारा विषय, अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आली, याचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र स्थापत्य अभियांत्रिकीचा प्राध्यापक म्हणून एक गोष्ट आपल्या कानावर घालणे भाग आहे. ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी असेल त्याच्याकडे, पुष्कळदा तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याकडे, हा विषय सोपवला जातो. आर्यभट, सुश्रुत, दिल्लीचा लोहस्तंभ ही नावे फळ्यावर येऊन जातात, विद्यार्थी बहुपर्यायी प्रश्न सोडवून श्रेयांक मिळवतात, आणि शेजारच्याच वर्गात चाललेल्या जलसिंचनाच्या तासाशी या साऱ्याचा काडीचाही संबंध जुळत नाही. तो जुळवणे हे शिक्षकाचेच काम आहे. पण त्यासाठी त्याला ना वेळ मिळतो, ना मुभा.

धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक सामूहिक सिंचनाचे, उदाहरण घ्यावे. पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांतून पाटाने पाणी येते, भिजणाऱ्या क्षेत्राचे काही फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले असतात आणि एका फडात एका हंगामात सहसा एकच पीक घेतले जाते. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे निरनिराळ्या फडांत थोडी थोडी असते. त्यामुळे नदीला पाणी कमी असले की एखादा फड पडीक ठेवायचे ठरते आणि तुटीची झळ सगळ्यांना सारखी बसते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही, ही आजच्या सिंचनाची जुनी तक्रार. येथे तिचे उत्तर जमिनीच्या वाटणीतच आहे. हे सांगून भागत नाही, मोजावे लागते. विद्यार्थ्यांनी ऑटो लेव्हल हे उंचीतला फरक मोजणारे उपकरण लावून पाटाचा उतार काढावा, करंट मीटरने पाण्याचा वेग घ्यावा, उतारावरून प्रवाह काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्राने येणारा विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) प्रत्यक्षाशी ताडून पाहावा आणि पाटाचे पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला पाळी कशी ठरते ते विचारावे. वरची धरणे आणि वाढत्या विहिरी यांमुळे कितीतरी फड मोडले, हेही त्याच तासाला शिकवायला हवे.

असे मोजणारा शिक्षक खोट्या दाव्यांनाही आवर घालतो. 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. हा अभ्यास अभ्यासक्रमात असावा, असे मला आग्रहाने वाटते. कारण परंपरेवर खरे प्रेम असणाऱ्याने तिच्या नावावर काहीही खपवू देता कामा नये.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला मिळालेल्या दानाची नोंद आहे. नुसते ग्रंथ असून भागत नाही, शिकवणाऱ्याची सोयही लावावी लागते, ही जाण आपल्या याच भूमीत आठशे वर्षांपूर्वी होती. आज मात्र शिक्षकाची तयारी बहुधा काही दिवसांच्या ऑनलाइन प्रशिक्षणावर आणि हाती येणाऱ्या प्रमाणपत्रावर आटोपते.

म्हणून आपल्याला विनंती आहे की, या विषयासाठीची क्षेत्रभेट आणि मोजणी शिक्षकाच्या कार्यभारात धरावी, पाटकरी आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी यांना मानधन देऊन वर्गात बोलावण्याची तरतूद करावी, आणि निदान निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या मोजणीच्या अहवालाला द्यावेत. यातील कार्यभाराचा निर्णय सर्वांत आधी व्हावा; तो झाल्याशिवाय बाकीचे दोन्ही कागदावरच राहतील.

आपला विश्वासू,
स्थापत्य अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक